शांतवनमामांचं अनुमोदन

इस्राएल भालेरावांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. पाळकसाहेबांनी नवरदेवाला विचारलं, "तू हिला तुझी पत्नी म्हणून स्वीकारतोस काय?" पोरगा आधीच सुटाबुटात घामानं थबथबलेला. कसाबसा "होय" म्हणाला. सगळं चर्च गप्प झालं, आणि त्या गप्प झालेल्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "अनुमोदन."

नवरी दचकली. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा गर्रकन मागं फिरवला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले, पण प्रार्थनेसाठी नव्हे. आजही इस्राएलभाऊ पाहुण्यांना लग्नाचा व्हिडिओ दाखवायला बसले की तेवढा तुकडा पळवतात, आणि पाहुणे हमखास तोच मागं घ्यायला लावतात.

तर हे आमचे शांतवनमामा. माझे सख्खे मामा नव्हेत. देगलूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते सगळ्यांचेच मामा आहेत. एसटीच्या देगलूर डेपोत कंट्रोलर होते. गाड्या पुकारून पुकारून आवाज असा कमावलाय की चर्चमध्ये माईक फक्त पाळकांसाठी ठेवावा लागतो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. अंगानं किरकोळ, मिशी पांढरी, आणि सभा म्हटली की उन्हाळा असो की काही असो, अंगात तो तपकिरी कोट.

लग्नानंतर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मी गावच्या शाळेत शिकवते, त्यामुळं दुसऱ्याला झापायची मला सवय आहे. म्हटलं, मामा, तिथं काय ठराव चालला होता का? मामांना माझाच प्रश्न चमत्कारिक वाटला. "अगं सुवार्ते, येवढी मोठी गोष्ट बोलला पोरगा. एकट्याच्या बोलन्यावर कशी सोडायची?"

आता वाचणाऱ्यांना आमच्या घरातली गोष्ट थोडी सांगायला हवी, नाहीतर मामा नुसतेच येडपट वाटतील. आमचा पंथ लहान, पण सभा दांडग्या. आमच्यात बिशप नाही. वरून कुणी हुकूम सोडत नाही. गावची मंडळी, म्हणजे तिथल्या चर्चचे सगळे सभासद, आपला कारभार पाहायला पंच निवडते, त्यांना आम्ही वडील म्हणतो. प्रत्येक मंडळीचा पाळक आणि एक वडील मिळून महासभेला जातात. ही महासभा दर तीन वर्षांनी कुठल्यातरी मोठ्या शहरात भरते आणि देशभरातून माणसं येतात. आमच्या पंथाचं जे काही ठरतं ते तिथंच ठरतं, बहुमतानं. पाळक कुठं बदलायचे, गाण्याचं पुस्तक कोणतं, वसतिगृहाचं छत कधी घालायचं, सगळं. देवाच्या खालोखाल आमच्यात ठराव.

आणि ठरावाचा नियम असा, की एकानं मांडायचा आणि दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. अनुमोदन मिळालं तरच चर्चा. नाही मिळालं तर ठराव जागेवर पडला. त्याच्यावर अक्षर बोलायचं नाही. सभापती म्हणतात, "पुढचा विषय," की संपलं.

शांतवनमामांना हे बघवत नाही. कुणाचाही ठराव पडलेला त्यांना चालत नाही. त्यामुळं कुणीही उठून काहीही मांडलं, की मामांचं अनुमोदन ठरलेलं. ते तयारच असतात, बाकाच्या कडेला, एक गुडघा बाहेर काढून.

एकदा चर्चच्या भिंतीला रंग द्यायचा होता. इस्राएलभाऊंनी निळ्या रंगाचा ठराव मांडला. इस्राएलभाऊंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि दुकानही निळंच आहे. मामांनी अनुमोदन दिलं. लगेच महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पिवळ्या रंगाचा ठराव मांडला. मामांनी त्यालाही अनुमोदन दिलं. इस्राएलभाऊ खवळले. म्हणाले, तुमचं एक तोंड हाय का दोन? मामा शांतपणे म्हणाले, "अनुमोदन म्हंजे मला पटलं असं न्हाई. अनुमोदन म्हंजे, ह्याचं ऐकून तर घ्या." मग मतदान झालं तेव्हा मामांनी दोन्हींच्या विरोधात हात वर केला, कारण त्यांना पांढरा हवा होता. पांढऱ्याचा ठराव कुणी मांडलाच नव्हता. मी विचारलं, मग तुम्ही का नाही मांडला? तर मामा म्हणाले, आपलं काम मांडायचं न्हाई. आणि खरंच, इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा म्हणून एक ठराव कधी मांडला नाही. भिंत निळी झाली. इस्राएलभाऊ आणि अध्यक्षबाई, दोघंही मामांवर रुसून होते.

घरीही तोच प्रकार. रत्नामामी होत्या तेव्हा भांडणात म्हणायच्या, तुमच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय. आतून आवाज यायचा, "अनुमोदन." मग भांडण पुढं कसं चालायचं? मामी हसून चूल पेटवायच्या. मामी गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीत, तेव्हापासून मामा एकटेच. मी अधूनमधून भाजी घेऊन जाते. रेडिओ चालू असतो. एकदा रेडिओवरची बाई सांगत होती की मराठवाड्यात काही ठिकाणी हलक्या सरींची शक्यता आहे, आणि मामा ताटावर बसून एकटेच म्हणाले, "अनुमोदन." मी दारातच थांबले. हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं.

महासभा हा मामांचा सण. वडिलांमधून निवड व्हायची, पण मामांच्या पुढं दुसऱ्या कुणाचं नावच येत नसे. तिथं देशभरातले लोक त्यांना ओळखतात. नाव कुणाला ठाऊक नाही, "वो अनुमोदनवाले" म्हणतात. तीन राज्यांच्या सीमेवरचा माणूस, चार भाषा तोंडात. आंध्रातला कुणी उठला की मामा "बलपरुस्तुन्नानु" म्हणणार, बिदरकडचा उठला की "अनुमोदिसुत्तेने". ईशान्येकडच्या डोंगरातले एक म्हातारे पाळक आहेत, त्यांची भाषा मामांना येत नाही आणि मामांची त्यांना. कधीतरी त्यांचा ठराव पडता पडता मामांनी हात वर केला होता. तेव्हापासून दर महासभेला ते मामांना चहा आणून देतात, आणि दोघं शेजारी बसून न बोलता पितात.

मागची महासभा हैदराबादला होती. मी मंडळीची चिटणीस, म्हणून मला निरीक्षक म्हणून जायला मिळालं. निरीक्षकानं मागच्या खुर्च्यांवर बसायचं, बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच, पण गेले.

तिथं गेल्यावर कळलं की विषयपत्रिकेत आमच्या गळ्याशी येणारा ठराव आहे. ज्या मंडळीत पन्नासपेक्षा कमी सभासद, तिला महासभेत स्वतंत्र जागा नको. तिनं जवळच्या मोठ्या मंडळीला जोडून घ्यावं आणि तिच्याच प्रतिनिधीनं दोघांचं बोलावं. म्हणजे आमचं जे काही असेल ते नांदेडकरांनी बोलायचं. नांदेडची माणसं चांगली आहेत, पण आमच्या गावाला रस्ता कुठून फुटतो हेही त्यांना विचारून घ्यावं लागतं. आमची मंडळी चाळीसच्या आसपास. पोरं पुण्याला आणि हैदराबादला गेली की सभासदत्वही तिकडंच नेतात. ठराव झाला असता तर आमची खुर्ची गेलीच होती, आणि तिच्यावर बसणारे मामाही.

मामा पेटून उठले. जेवणाच्या मांडवात बिर्याणीचं ताट हातात घेऊन ते टेबलाटेबलानं फिरले. तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनीत, मराठीत लहान लहान मंडळ्यांच्या लोकांना समजावलं. डाव अगदी साधा होता. ठरावाला विरोध करायचाच नाही. अनुमोदनच द्यायचं नाही. मोठ्या मंडळ्यांतले लोक वाईटपणा घ्यायला नको म्हणून गप्प बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. आपणही गप्प बसलो की ठराव आपोआप पडेल, चर्चासुद्धा व्हायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागं उभी राहून मामांचं कौतुक करत होते. म्हटलं, बाई गं, आज मामा पुढारी शोभतात.

दुपारी ठराव पुकारला. मांडायला कुठल्याशा मोठ्या शहरातली एक मुलगी उठली. विशी-बाविशीची असेल, पहिल्यांदाच महासभेला आलेली. तिच्या समितीतल्या थोरांनी ठराव तयार केला होता आणि बोलायला मात्र हिला पुढं केलं होतं. एवढं मोठं सभागृह बघून तिचा आवाज कापत होता. कसंतरी वाचून संपवलं आणि तशीच उभी राहिली.

सभापतींनी विचारलं, अनुमोदन?

कुणी बोलेना. डाव बरोबर बसला होता. मोठ्यांनी खाली बघितलं, लहानांनी छताकडं. सभापतींनी दुसऱ्यांदा विचारलं. ती मुलगी वळून आपल्या थोरांकडं बघायला लागली. एक जण चष्मा पुसत होता, एक फोन बघत होता. तिचे कान लाल झाले. तिला वाटलं असणार आपलंच काहीतरी चुकलं.

मी मामांकडं बघितलं. मामांचा गुडघा बाकाच्या बाहेर आला होता.

शेजारी आमचे पाळकसाहेब होते. त्यांनी मामांचा कोट घट्ट धरला. पण मामा कोटासकट उठले. "अनुमोदन," ते म्हणाले, आणि तो आवाज देगलूर डेपोच्या टोकापर्यंत जावा असा होता. माझ्या तोंडून "अहो मामा" निघून गेलं. निरीक्षकांनी शांत राहावं, असं मला सभापतींनी ऐकवलं.

पुढं काय सांगायचं. अनुमोदन मिळालं, चर्चा झाली, मतदान झालं. मामांनी विरोधात हात वर केला, सगळ्या सभागृहात उंच. पण गर्दीत हात वर करायला मोठ्यांना कसला वाईटपणा? ठराव मंजूर झाला, आणि आमची जागा गेली. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर तो धोंडा उचलून आणायला कोट घालून गेले होते आमचे मामा.

चहाच्या वेळी ती मुलगी मामांना शोधत आली. आभार मानायला लागली. कुठल्या मंडळीचे म्हणून विचारलं. मामांनी सांगितलं, आणि सभासद किती तेही सांगितलं. तिचा चेहरा पडला. मामांनीच तिला धीर दिला. "अच्छा बोली तू बेटी. अगली बार डरना नहीं." डोंगरातले ते म्हातारे पाळक चहाचे दोन कप घेऊन बाजूला उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. पुढच्या वेळी मामा नसणार हेही कळलं होतं.

परतीच्या एसटीत मी मामांशी बोलले नाही. झहीराबादच्या पुढं आल्यावर मात्र मला राहवेना. मी म्हणाले, मामा, कुणासाठी केलंत हे? ती पोरगी तुमच्या कोण लागते? आपल्या लोकांनी तुम्हाला विश्वासानं पाठवलं होतं. जरा जास्तच बोलले असेन. मामा खिडकीबाहेर बघत होते.

मग म्हणाले, "माझी माय एकदा सभेत उठली व्हती."

मला हे माहीत नव्हतं. मामांची माय रोजानं कामाला जायची. रविवारीही जावं लागे. उपासना उन्हं वर आल्यावर सुरू व्हायची, त्यामुळं रोजानं जाणाऱ्या बायांची उपासना बुडायची. मायनं डोक्यावरचा पदर सावरून सभेत सांगितलं की उपासना दिवस उगवायच्या आत घ्यावी. सभापतींनी अनुमोदन विचारलं.

"कुनी विरोधात नव्हतं गं," मामा म्हणाले. "नुसतं कुनी बोललं न्हाई. मी नवाच नोकरीला लागलो व्हतो, मागं बसलो व्हतो. मला म्हाईतच नव्हतं की एक शब्द बोललं की काम भागतंय. मला वाटलं मोठी मानसं काय ते बघतील. ते म्हनले, पुढचा विषय. माय खाली बसली. घरी येऊन भाकरी केल्या. पुन्हा कंच्याच सभेत ती उठली न्हाई."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ती पोरगी तशीच उभी व्हती, सुवार्ते. मला दिसंना दुसरं काही."

माझा राग पार गेला असं मी म्हणणार नाही. जागा तर गेलीच होती. पण देगलूर येईपर्यंत मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर धरून बसले.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. लोक लई चिडले. इस्राएलभाऊंनी तर रामराम तोडला. रस्त्यात मामा दिसले की ते ट्रॅक्टरखाली शिरायचे, ट्रॅक्टर चांगला असला तरी. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, म्हाताऱ्यानं आपल्या सगळ्यांचं तोंड बंद केलं. मामा सगळं ऐकून घ्यायचे. उपासनेला यायचे, पण तिसरा बाक सोडून अगदी मागं बसायचे. पाळकांनी काही सूचना मांडली तरी मागून आवाज येत नसे. पाळकसाहेब बोलून थांबायचे, वाट बघायचे, मग पुढं जायचे. आम्हा सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं, पण कबूल कुणी करत नव्हतं.

मग मंडळीची वार्षिक सभा आली. उपासनेनंतर सगळे बसून राहिले. पाळकसाहेब अध्यक्ष. पहिला विषय पुकारायच्या आत मागून मामा उठले. कोट घातलेला. म्हणाले, अध्यक्षमहाराज, मला एक ठराव मांडायचा हाय.

सगळ्या माना वळल्या. मामा आणि ठराव?

"ठराव असा की," मामा म्हणाले, आणि तो डेपोचा आवाज त्यांना त्या दिवशी काही सापडेना, "शांतवन सोनकांबळे यांनी मंडळीचं नुकसान केलं. तरी त्यांना वडील या पदावरून कमी करावं."

मी वहीवर टेकवलेलं पेन तसंच राहिलं. पाळकसाहेबांनी घसा साफ केला. नियम म्हणजे नियम. त्यांनी विचारलं, अनुमोदन?

कुणी बोललं नाही.

पाळकांनी पुन्हा विचारलं. मामा एकेकाकडं बघायला लागले. बायांच्या बाजूला बघितलं, अध्यक्षबाई पदराशी खेळत होत्या. मग इस्राएलभाऊंकडं बघितलं. आता ह्यांच्याकडून नक्की येणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. इस्राएलभाऊंनी तोंड उघडलं. मामांच्या चेहऱ्यावर चक्क आशा दिसली.

"मला खोकला आला व्हता," इस्राएलभाऊ म्हणाले आणि तोंड मिटून बसले.

"अरे द्या की कुनीतरी," मामा म्हणाले. "चर्चा तरी होऊ द्या. लोकं चिडून राहिले, मला म्हाईत हाय. सभेत बोला ना." मांडणाऱ्याला स्वतःच अनुमोदन देता येत नाही, नाहीतर त्यांनी तेही दिलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांना जे वाटत आले ते त्यांना स्वतःला कुणी देत नव्हतं. आणि त्यावेळी आम्ही सगळे, त्यांच्यावर महिनाभर तोंड फिरवलेले, एकाच गोष्टीसाठी गप्प होतो. माझे डोळे भरून आले, आणि मी लाजले नाही.

पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाले, "अनुमोदन नाही. ठराव पडला. पुढचा विषय."

मामा उभेच. त्यांना बहुतेक कळत नव्हतं आता काय करायचं. ठराव पडला की माणूस हिरमुसून खाली बसतो हे त्यांनी बघितलं होतं, पण पडलेल्या ठरावानं आपली खुर्ची राहते, हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. हात कोटाच्या बटणाशी चाळा करत होते.

तेव्हा इस्राएलभाऊ उठले. मामांकडं न बघता, निळ्या भिंतीकडं बघत म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मी ठराव मांडतो. शांतवनमामांनी पुढं येऊन आपल्या तिसऱ्या बाकावर बसावं."

पाळकसाहेबांना विचारायला वेळच मिळाला नाही. आधी बायांच्या बाजूनं आला, मग पुरुषांच्या, मग सगळीकडून एकदमच आला, "अनुमोदन." मीही म्हणाले, अगदी मोठ्यानं. चिटणिसानं मध्ये बोलू नये असा नियम आहे म्हणे.

मामा सावकाश पुढं आले. तिसऱ्या बाकापाशी थांबून त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"एवढी लागत न्हाईत रे," ते म्हणाले, "एक बास असतंय." आणि खाली बसले.